साहेबांची गादी झिजली

मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास यवतमध्ये गेनूआबा सोनवणे यांच्या दारात अकरा माणसं जमली. त्यांच्याजवळ दोन डझन केळी, सहा शहाळी आणि बिस्किटांचे चार पुडे होते. साहेब आजारी असल्याचं त्यांना कळलं होतं. साहेब हे लाकूड कापायचं यंत्र आहे.

यंत्राचं खरं नाव बँडसॉ. ओतीव लोखंडाचं, माणसापेक्षा वीतभर उंच कपाट असतं. आत वर एक आणि खाली एक अशी दोन चाकं, आणि त्या दोन्हींवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. फळी मधल्या टेबलावरून पट्ट्याकडे सरकवायची. साध्या करवतीला वळण घेता येत नाही, याला घेता येतं. गेनूआबा ज्या सरकारी वर्कशॉपमध्ये सुतार होते, तिथं त्याला आधी बँडसॉ, मग बँडसाब आणि शेवटी नुसतं साहेब म्हणायला लागले. बाकीचे ते चेष्टेनं म्हणत. आबा चेष्टा करत नाहीत.

"एकतीस वर्सं साहेबांच्या हाताखाली काढली," असं ते सांगतात. "आवाज कवा चढवला न्हाई त्यांनी. फोरमन लई आलं आन् गेलं, साहेब एकच."

आबा निवृत्त झाले त्या वर्षी वर्कशॉपनं जुनी यंत्रं लिलावात काढली. साहेब भंगाराच्या भावानं आबांना मिळाले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उभे आले, कारण आडवं पाडणं आबांना प्रशस्त वाटलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची प्रतिष्ठापना झाली आणि खोलीतली कॉट अंगणात गेली. मी भिंतीला भिंत लागून राहतो आणि तालुक्याच्या बातम्या देतो. ट्रॉली आली ती तारीख माझ्या वहीत आहे.

आबा माणसांना अरे-तुरे करतात आणि यंत्राला अहो-जाहो. सरपंचाला त्यांनी भर ग्रामसभेत "खाली बस रं" म्हटलेलं आहे. साहेबांना मात्र रोज सकाळी तेल देताना "घ्या" म्हणतात. वीज गेली की "साहेब जरा पडलेत." नवा पट्टा चढवला की "साहेबांनी कापडं बदलली." परिणामी हायवेच्या पलीकडच्या बाजूला राहणाऱ्या लोकांची अनेक वर्षं अशी समजूत होती, की आबांकडे कोणी निवृत्त अधिकारी राहतात. ते फारसे बाहेर पडत नाहीत आणि स्वभावानं शांत आहेत.

सोमवारी संध्याकाळी हायवेपलीकडच्या चहाच्या टपरीवर आबा जे बोलले, ते मी तीन जणांकडून स्वतंत्रपणे ताडून घेतलं. तिघांचे शब्द जवळजवळ सारखे आहेत.

"साहेबांची गादी झिजलीया," आबा म्हणाले. "दोन्हीकडची. दोन पावलं सुदीक चालना झालेत."

आमच्याकडे पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या माणसांच्या गुडघ्यातली गादी झिजलेली असते. टपरीवर कोणालाच खुलासा विचारावासा वाटला नाही. टपरीवाल्यानं दवाखान्याचं विचारलं.

"दवाखाना कशाला? मीच बघतो. उद्या सकाळी उघडतो, जुनी गादी खरवडून काढतो आन् नवी चिकटवतो."

"घरच्या घरी?"

"मग? सायकलची ट्यूब घालायची. सुलेशन लावायचं पंक्चरचं. दोन दिसात पळाय लागतील."

अकरापैकी निदान पाच जण भेटायला नव्हे, तर आबांना अडवायला आले होते. त्यांचे पुढारी बिरूमामा. वय सत्तरीच्या आसपास, पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता दीड एकर ऊस आणि चार शेळ्या. शहाळी त्यांचीच होती.

"पेशंट कुठाय?" मामांनी उंबऱ्यातच विचारलं.

"ह्ये काय, उभं हायेत."

मामांनी खोलीत चारही कोपऱ्यांत पाहिलं. तिथं आबा होते, भुसा होता आणि पुढचं दार उघडलेलं यंत्र होतं. हातात छिन्नी होती ती आबांच्या.

"गेन्या," मामा म्हणाले, "आरं, मानूस कुठाय?"

"मानूस कोन म्हनलं?"

मामांनी शहाळी खाली ठेवली. केळी परत न्यावीत की नाही, यावर दोन मतं पडली. आजाऱ्याला आणलेलं फळ घरी नेऊ नये, असं एका गटाचं म्हणणं होतं. आजारी यंत्र असेल तर हे लागू होत नाही, असं दुसऱ्याचं. शेवटी सगळ्यांनी तिथंच बसून केळी खाल्ली. साहेबांना शहाळं चालतं का, अशी चौकशी बिरूमामांनी केली.

"फकस्त ऑइल," आबांनी सांगितलं आणि शहाळं स्वतः प्यायलं.

गादी म्हणजे चाकांच्या कडेवर बसवलेलं रबराचं अस्तर. त्याच्यामुळं पट्ट्याला पकड मिळते आणि दात लोखंडावर घासत नाहीत. साहेबांच्या दोन्ही चाकांचं रबर वाळलेल्या चिखलासारखं तडकलं होतं. नखानं खपली निघत होती. पट्टा चाकावरून घसरत होता आणि सरळ रेषेवर लावलेली फळी नागमोडी कापली जात होती.

घाई होती ती एका ऑर्डरीची. दौंडला कोणाचं तरी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पेशंट शुक्रवारी सकाळी घरी येणार होता, आणि घरी संडास होता तो उकिडवं बसायचा. त्यावर ठेवायची एक लाकडी खुर्ची आबांना शुक्रवारच्या आत करून द्यायची होती. बसायच्या फळीला मधे लंबगोल भोक आणि हात टेकून उठण्यासाठी वळणदार दांडे. ही वळणं साहेबांशिवाय होणार नव्हती. गिऱ्हाइकाचं नाव आबांनी सांगितलं नाही.

रबर विकत मिळतं का, याची चौकशी त्यांनी आधीच्या शनिवारी केली होती. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं ती मला भिंतीपलीकडून ऐकू आली.

"टायर पायजेल दोन. बँडसॉचं," आबा म्हणाले.

"कुठली गाडी, काका?" पुण्याच्या दुकानातून विचारणा झाली.

"गाडी न्हाई. साहेबांचं."

"बरं, साहेबांची गाडी कुठली?"

"साहेब गाडीत बसत न्हाईत. उभं असत्यात."

"म्हणजे टू-व्हीलर?"

"व्हय, चाकं दोनच हायेत. एक वर, एक खाली."

फोन तिकडून बंद झाला. दुसऱ्या दुकानदाराला वस्तू कळली. मुंबईहून मागवावी लागेल, बारा दिवस लागतील, असं त्यानं सांगितलं आणि किंमतही सांगितली. "त्येवढ्यात मला पुन्यांदा साहेबच मिळत्याल," आबा म्हणाले. पण अडचण किमतीपेक्षा बारा दिवसांची होती. म्हणून ट्यूब.

भेटायला आलेल्यांतल्या टपरीवाल्यानं एक सुचवून पाहिलं. "आबा, फळ्या वखारीत न्या की. पाच मिनिटांत कापून देतील."

"तिथं ओंडकं फाडत्यात," आबा म्हणाले. "आन् समज, दिली कापून. मग मी काय केलं?"

टपरीवाला टपरी उघडायला निघाला.

चाक दोन फुटांचं, म्हणजे चोवीस इंची. म्हणून आबांनी चोवीस इंची सायकलची ट्यूब आणली. माप तंतोतंत जुळलं आणि चूक तीच होती. जुनं रबर खरवडून, लोखंड पॉलिशपेपरनं घासून, सुलेशन लावून ट्यूब बसवली. मंगळवारी दुपारी दोनला साहेब सुरू केले. फिरायला लागल्यावर ट्यूब ताणली गेली, सैल पडली आणि पट्ट्याबरोबर सरकत सरकत एका बाजूला गोळा झाली. शिवाय ट्यूब आबांनी न कापता, तशीच चपटी करून चढवली होती. आत हवा राहिली होती. प्रत्येक फेऱ्याला टप् असा आवाज येत होता.

"साहेबांना उचकी लागलीया," बिरूमामा म्हणाले. ते सकाळपासून गेलेच नव्हते.

"कुनाचं तरी नाव घे मग."

"तुझंच घेतो. गेन्या सोनवन्या."

उचकी थांबली नाही. आबांनी साहेब बंद केले आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा यंत्राला हात लावला नाही. दुपारचा चहाही नको म्हणाले.

बुधवारी सकाळी दोन गोष्टी घडल्या. पहिली, आबा वीस इंची ट्यूब घेऊन आले, लहान मुलांच्या सायकलची. चाकापेक्षा लहान घेतली तर ती ताणून बसेल आणि ताणून बसली तर धरून राहील, हे त्यांच्या पहाटे लक्षात आलं होतं. दुसरी गोष्ट, बिरूमामा घरून लोकर कातरायची कातर घेऊन आले. शिरूरच्या बाजारात फार पूर्वी घेतलेली, एका हातात मावणारी, दाबली की मिटणारी आणि सोडली की उघडणारी.

प्रश्न असा होता, की ट्यूब कापायची तर आहे, पण पट्टी अखंड राहिली पाहिजे. आडवी कापून दोन टोकं जोडली तर सांधा उंच राहतो आणि पट्टा तिथं उडतो. उपाय एकच. हवा भरायचं तोंड ज्या बाजूला असतं, ती आतली बाजू गोल फिरत पूर्ण कापून टाकायची. राहील ती बाहेरची सपाट, बिनसांध्याची कडी. पण कापताना कात्री वाकडी गेली, की कड दातेरी होते. आबांची कात्री पहिल्याच चार इंचांत दोनदा वाकडी गेली.

"आन इकडं," मामा म्हणाले.

ते जमिनीवर मांडी घालून बसले. ट्यूब दोन्ही गुडघ्यांत दाबली आणि डाव्या हातानं तिची कातडी ताणत कातर चालवायला लागले. कातर एकदाही पूर्ण मिटत नव्हती. एक वेढा पुरा व्हायला सहा मिनिटं लागली. हातात राहिलेली कडी एकसारख्या रुंदीची होती.

"मेंढीला रगत आलं तर म्हातारा काठी घालायचा पाठीत," मामा म्हणाले. "हितं कोन वरडना सुदीक. सोपं काम हाय."

आबा कोणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी कडी हातात घेतली, उजेडाला धरून पूर्ण फिरवली आणि म्हणाले, "वर्कशॉपात असतास तर मी तुला हेल्पर ठिवला असता."

"आन् मी तुला मेंढरांच्या वाड्यावर कुत्र्याच्या जागी."

ट्यूब चढवायला दोन माणसं लागली. चाक काढून मामांनी मांड्यांत धरलं, मेंढी कातरायला धरतात तसं. आबांनी सुलेशनचं बोट फिरवलं आणि ते सुकून चिकट होईपर्यंत दोघं बसून राहिले. मग एका बाजूनं मामांनी दाबून धरलं आणि दुसऱ्या बाजूनं आबांनी ताणून आणलं. एकदा ती निसटून मामांच्या कानशिलावर बसली. त्या वेळचा संवाद छापण्याजोगा नाही. वरचं चाक साडेअकराला झालं, खालचं दीडला. रात्रभर सुकू द्यायचं ठरलं.

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. मुलीचा होता, दौंडहून. आबा बाहेर जाऊन बोलले. परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "शुक्रवारी धा-अकरा वाजता सोडनार."

आबांच्या घरची माहिती इथं देणं आवश्यक आहे. साहेब आले त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला त्यांच्या पत्नी पारूबाई दौंडला मुलीकडे गेल्या, बाळंतपणासाठी म्हणून. बाळंतपण सुखरूप पार पडलं. नात आता दुसरीत आहे. पारूबाई परत आल्या नाहीत. जाण्यापूर्वी काही महिने त्या जे म्हणत होत्या, ते आळीत सर्वांना पाठ होतं. "पिठात भुसा हाय का भुश्यात पीठ, त्येच कळंना." आणि शेवटी, "ह्या घरात एक तर तुमचा साहेब ऱ्हाईल, न्हाई तर मी." आबांनी उत्तर द्यायला वेळ लावला.

एक आणखी नोंद. चाकावरच्या अस्तराला आबा इतकी वर्षं रबर म्हणत आले. गादी हा शब्द त्यांच्या तोंडी महिन्याभरापूर्वी आला. महिन्याभरापूर्वीच दौंडच्या डॉक्टरांनी पारूबाईंचा एक्सरे पाहून तो वापरला होता आणि मुलीनं फोनवर वडिलांना जसाच्या तसा सांगितला होता.

मी विचारलं, "आबा, खुर्ची पारूकाकूंची का?"

"ऑर्डर हाय," आबा म्हणाले.

"माप आहे?"

"हाय."

"कागद दिसत नाही."

"तू पेपरवाला हायेस. तुला समद्याचा कागद लागतो." त्यांनी जमिनीपासून स्वतःच्या मांडीपर्यंत हात नेला आणि थोडा खाली आणला. "एवढी."

गुरुवारी सकाळी नऊला साहेब सुरू झाले. आधी पट्टा न चढवता नुसती चाकं हातानं फिरवून, पॉलिशपेपर गुंडाळलेली काठी लावून आबांनी रबर एकसारखं करून घेतलं. मधे किंचित उंच आणि कडांना उतरतं, म्हणजे पट्टा मध्यावर राहतो. मग पट्टा चढवला, ताण दिला आणि बटण दाबलं. बिरूमामा भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. उचकी नव्हती. आबांनी पट्ट्याकडे एक मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "बसा निवांत, साहेब." मामा समजले आपल्याला म्हटलं, आणि बसले.

जुन्या सागवानी फळ्या होत्या. बसायची फळी दोन तुकड्यांत कापली, प्रत्येकात अर्धा लंबगोल, आणि मग दोन्ही जोडले. हातांचे दोन दांडे एकाच साच्यावरून आखून कापले. एकावर एक ठेवले तेव्हा कुठंही उजेड दिसत नव्हता. खरवडणं, घासणं आणि जोडणं संध्याकाळी सहापर्यंत चाललं. फळीची खालची बाजू कोणी पाहत नाही, आबांनी तीही घासली. मामांनी कारण विचारलं.

"बसताना हात खाली जातो," आबा म्हणाले. "कुसळ लागंल."

शुक्रवारी सकाळी टेम्पो ठरवलेला होता. खुर्ची दोरीनं बांधून झाली, आणि आबांनी आपण येणार नसल्याचं जाहीर केलं. साहेबांना नवं रबर बसवलंय, लक्ष ठेवायला हवं, असं कारण दिलं. साहेब बंद होते.

"तू जा," ते मला म्हणाले. "कुनी केली सांगू नगं. ती दुकानातली नगं म्हनलीया, डुगडुगती म्हनून. माझी म्हनलं तर हीबी नगं म्हनंल."

खुर्ची दहा वाजून दहा मिनिटांनी दौंडला पोचली. मुलीनं, संगीतानं, ती आधी बाहेरच्या खोलीत ठेवून घेतली. चारही पाय फरशीला टेकले. अकराला रिक्षा आली. पारूबाई वॉकर धरून, पायरीगणिक थांबत आत आल्या. खुर्ची त्यांना दारातूनच दिसली. त्या बसल्या नाहीत. वॉकरवरचा एक हात सोडून त्यांनी उजव्या दांड्याच्या वळणावरून तळवा फिरवला. मग फळीच्या खालून बोटं फिरवली.

"खालनं पन घासलीया," त्या म्हणाल्या.

संगीतानं वॉकर धरून ठेवला.

"उंची कुनी सांगितली?"

"मी नाही सांगितली, आई."

त्या हळूहळू वळल्या, दांडे धरले आणि बसल्या. गुडघे बरोबर काटकोनात आले. उठून पाहिलं. पुन्हा बसल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"कुनी केली?"

"यवतच्या एका कारागिरानं," मी म्हणालो.

"जेवतो का येळंवर, कारागीर?"

मी माहिती नसल्याचं सांगितलं.

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी पारूबाईंनी संगीताच्या फोनवरून यवतला फोन लावला. बोलणं आतल्या खोलीत झालं आणि चार मिनिटं चाललं. त्या वेळी यवतला बिरूमामा आबांजवळ बसलेले होते. त्यांच्या सांगण्यानुसार आबा तीनदा "व्हय" म्हणाले, आणि एकदा, "भाकर आन् पिठलं."